वाटूर फाट्यावरची वीस मिनिटं

२३ जानेवारी, शुक्रवार. पेटी उद्या सकाळी पुण्याला परत जायची आहे, म्हणून दुपारपासून ती साफ करायला घेतली. पेटी म्हणजे चालत्या गाडीच्या धुरात काय काय आहे ते मोजणारं यंत्र. लोखंडी चौकटीत बसवलेलं, दोघांनी मिळून उचलावं लागतं. दोन वर्षं ते आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये होतं आणि सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. नळ्या धुतल्या, फिल्टर बदलले, वायरी गुंडाळून त्यांना चिठ्ठ्या लावल्या. खालच्या पट्टीचा नट सोडवताना त्यात अडकलेली एक बोटभर चिंधी निघाली. हिरव्या लुगड्याची. ती कुठली ते लगेच कळलं. कामाच्या मध्ये बसायची मला सवय नाही, पण स्टूल ओढून बसले.

चिंधी मामांच्या गोधडीची. मामा म्हणजे ज्या ट्रकवर ही पेटी फिरली त्या ट्रकचे ड्रायव्हर. मूळचे धावड्याचे, पण नोकरी बदनापूरच्या एका बियाण्याच्या गोदामावर. तिथे सगळे त्यांना ‘नाकवाले मामा’ म्हणायचे. नाक दिसायला बेताचंच होतं, पण कामाला पक्कं. पुढून गेलेल्या गाडीचा वास घेऊन ते सांगायचे, ‘ह्याचं डिझेल पुरं जळंना,’ किंवा ‘ह्याच्या इंजिनात ऑइल चाललंय.’ पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या स्कूटरकडे बघितलंही नाही. नुसतं म्हणाले, ‘ताई, तुमच्या गाडीला श्वास घेता येईना.’ मी गाड्यांच्याच कामात वीस वर्षं घालवलेली, मला राग आला. घरी जाऊन एअर फिल्टर उघडला तर त्यात उंदराने कापूस, कागद आणून बिऱ्हाड केलेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त स्कूटर जवळून गेली तेव्हा मान हलवली.

‘वास खोटं बोलत न्हाई,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

हे सगळं सुरू झालं ते पुण्याच्या एका संस्थेमुळे. नवी गाडी विकायच्या आधी तिचा धूर बंद खोलीत, फिरत्या रुळांवर उभी करून तपासतात. तिथे गाडी शहाण्यासारखी वागते. रस्त्यावर, माल भरून, खड्ड्यांतून, गर्दीतून जाताना ती काय करते ते कुणी बघितलेलं नसतं. म्हणून खऱ्या गाड्यांवर खऱ्या कामाच्या वेळी ही पेटी लावायची, असा बेत होता. जालन्याच्या भागातल्या काही गाड्या आमच्या वाट्याला आल्या. त्यातली क्रमांक चार मामांची. गाडीचे मालक शेठजी. त्यांचं घराणं राजस्थानातून कधीकाळी आलं, पण आता ते आमच्यासारखंच बोलतात. म्हणाले, ‘मॅडम, बेशक न्या. फक्त मामाला विचारा. गाडी माझ्या नावावर हाय, पण हाय त्याची.’

मामांना विचारलं. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, सायलेन्सरला लावायची जाड नळी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, ‘परीक्षा कुनाची? गाडीची का माझी?’

मी घाईत होते. ‘गाडीची,’ म्हणून मोकळी झाले. हे उत्तर मला पुढे चार महिने महागात पडलं.

‘तीस वर्षं झाली,’ मामा म्हणाले, ‘माझ्या गाडीमागं कुनी नाकाला फडकं लावलं न्हाई. तेवढं ध्यानात ठिवा.’

मी ध्यानात ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं, कारण त्या माणसाची सगळी कमाई तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी ते घरून गोधडी घेऊन आले. मामींनी शिवलेली, हिरव्या लुगड्याच्या काठाची. ती ट्रकच्या हौद्यात चौघडी घालून अंथरली आणि तिच्यावर पेटी बसवून घेतली. पेटीला धक्का सोसावा म्हणून खाली रबरी पाय असतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ‘असू द्या. परक्या घरची हाय.’ आणि मग गरोदर लेकीला माहेरी नेतात तशी त्यांनी गाडी चालवली.

रोज निघण्याआधी पेटीला सिलिंडरमधली शुद्ध हवा द्यायची आणि तिचा आकडा शून्यावर आहे ना ते बघायचं, आल्यावर पुन्हा बघायचं, असा नियम आहे. मामा त्या वेळी हटकून शेजारी उभे राहायचे. त्यांनी आयुष्यभर मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, तराजू बघितलेले. ‘काटा बराबर हाय?’ मी ‘आहे’ म्हटलं की चप्पल काढून गाडीत चढायचे. त्यांच्या केबिनमध्ये चपला चालत नसत. मलाही काढाव्या लागत.

ट्रकच्या केबिनमध्ये बाई बसलेली बघायची सवय लोकांना नव्हती. परतूरला माल उतरताना एकाने विचारलंच, ‘मामा, ह्या कोन?’

‘गाडीची डॉक्टरीण हाय,’ मामा म्हणाले. ‘नाडी बघून राह्यली. तुला बी दाखवायची का?’

तो निघून गेला. पुढे त्या रस्त्यावर मला सगळे डॉक्टरीणबाईच म्हणायला लागले. मी कधी दुरुस्त केलं नाही, कामाला बरं पडायचं.

चार महिने आकडे इतके सुरेख आले की विचारू नका. पुण्याहून शाबासकीचा फोन आला. आमचे प्राचार्य खूश. अहवाल लिहायला घेतला आणि तिथेच अडले. पेटी आठवड्यातून एकच दिवस लागायची. बाकीच्या दिवसांसाठी सायलेन्सरमध्ये एक अंगठ्याएवढा सेन्सर कायमचा बसवून ठेवला होता, तो आपला गुपचूप नोंद करत राहायचा. पेटी म्हणत होती, गाडी उत्तम आहे. सेन्सर म्हणत होता, अजिबात नाही. मी सेन्सर बदलला. नवा सेन्सरही तेच म्हणायला लागला.

आमच्या विभागप्रमुख साहेबांनी सोपा उपाय सुचवला. ‘बाई, सेन्सर सदोष होता असं लिहा आणि संपवा.’ मोह झाला, खोटं कशाला बोलू. अहवालाची तारीख जवळ आली होती. पण सेन्सर सदोष नाही हे मला माहीत होतं, मीच तो हाताने तपासून बसवला होता. मग एका रविवारी घरी बसून दोन्हींच्या नोंदी रस्त्याच्या नकाशावर लावून बघितल्या, गोदामाच्या मालाच्या पावत्याही ताडून बघितल्या. पेटीच्या दिवशी गाडी बायपासने जात होती. इतर दिवशी नव्या मोंढ्याच्या गर्दीतून. पेटीच्या दिवशी माल निम्मा. इतर दिवशी पूर्ण. आणि इतर दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला गाडी वाटूर फाट्यावर वीस मिनिटं उभी राहत होती, इंजिन चालू ठेवून. पेटीच्या दिवशी ती फाट्यावर थांबतच नव्हती.

सोमवारी मी मामांना वर्कशॉपमध्ये बोलावलं.

‘पेटी असली की मोंढ्यातून का जात नाही?’

‘तिथं ब्रेक लई लागतेत. पेटीला हादरे बसतेत.’

‘माल कमी का भरता?’

‘शेठला म्हनलं, आज परीक्षा हाय.’

‘आणि फाट्यावर चहाला थांबत नाही ते?’

‘ताई, परीक्षेला निघालेला मानूस चहाला थांबतो का?’

मला हसू यायला हवं होतं, पण चार महिन्यांची मेहनत डोळ्यांपुढे होती. मी त्यांना सरळ सांगितलं की ही परीक्षा नाही. रोज जशी चालवता तशी चालवा, तरच ह्याचा उपयोग. आतापर्यंतचं सगळं मला फेकून द्यावं लागणार आहे.

त्यांनी पेटीच्या चौकटीवर हात ठेवला. ‘मंग आधी सांगायचं ना. चार म्हैने मी कंबर मोडून घेतली.’

‘माझं चुकलं.’

‘खराब आलं तर?’

‘आलं तर आलं.’

‘कागदावर माझं नाव राहील?’

‘नाही. गाडी क्रमांक चार, एवढंच.’

‘मंग तर आनखीच वाईट,’ ते म्हणाले. ‘चांगलं आलं तरी कुनाला कळायचं न्हाई.’

मी पुण्याला खरं काय ते लिहून कळवलं आणि मुदत वाढवून घेतली. प्राचार्य आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. तसेही ते कामापुरतंच बोलतात.

त्यानंतरची पहिली फेरी वर्षापूर्वीच्या डिसेंबरात होती. पूर्ण माल, मोंढा, गर्दी, सगळं रोजच्यासारखं. उजाडता उजाडता वाटूर फाटा आला. मामांनी गाडी कडेला घेतली, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि उतरायला लागले. ‘बंद नाही करत?’ मी विचारलं. ‘सेल्फ लागत न्हाई कधी कधी,’ म्हणाले. गाडी अलीकडची, सेल्फ स्टार्टर ठणठणीत होता. मी मांडीवरच्या लॅपटॉपवर पेटीच्या आकड्यांची रेघ बघत बसले. रेघ वर चढायला लागली आणि चढतच गेली. नळी सैल झाली की काय म्हणून मी खाली उतरून मागे गेले.

तिथे पाच-सहा मुली उभ्या होत्या. परतूरकडच्या शाळेत जाणाऱ्या, बसची वाट बघत. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. सायलेन्सरला लावलेल्या आमच्या जाड नळीकडे त्या तक्रारीने बघत होत्या.

‘काकू, हे कशाला लावलं?’ त्यातली एक म्हणाली. ‘आमचं गरम वारं कुठं गेलं?’

मी मामांकडे बघितलं. ते चहाचा ग्लास घेऊन जागीच थांबले होते.

‘शेकतेत तिथं,’ ते हळू म्हणाले. ‘थंडीत बस लवकर येत न्हाई. मीच म्हनलं व्हतं पोरींना, इथं हात धरा. धूर साफ हाय आपला.’

मी त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. हा मोंढा, हा रस्त्यातला चढ, आणि हा फाटा. सगळ्या रस्त्यात रेघ सर्वांत उंच होती ती ह्याच ठिकाणी. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून लांब श्वास घेतला. ‘वास तर काहीच न्हाई, ताई.’

तेच तर होतं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये यूरियाचं पाणी फवारून विषारी वायू मारण्याची सोय असते, पण ती गरम असेल तरच चालते. गाडी उभी राहून नुसती घुरघुरत राहिली की ती थंड होते आणि वायू तसाच बाहेर पडतो. काळा धूर नाही, डोळ्यांत पाणी नाही. इतक्या थोड्या प्रमाणात तो नाकाला कळतही नाही, पण छातीला कळतो. मी हे वर्गात शिकवते तसं सांगितलं, दोन मिनिटांत.

मामांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. फाट्यावर एकदम शांत झालं. मुलींपैकी कुणीतरी खोकलं, साधंच थंडीचं असेल, पण आम्ही दोघांनीही मागे वळून बघितलं.

‘तीन हिवाळे,’ मामा म्हणाले.

परतूरला त्यांनी माल उतरवला. येताना विचारलं, ‘त्या पोरींना काही झालं असंल का?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हणाले. ‘पेटी धूर मोजते. पोरींच्या आतलं मोजत नाही.’

हे खरंच होतं. पण दुसऱ्या शब्दांत सांगता आलं असतं, असं आता वाटतं.

पुढच्या आठवड्यात मामा ट्रकमध्ये पऱ्हाटीचा भारा घालून आले. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या, फाट्यावर मुलींसाठी शेकोटी करायला. मी म्हणाले, मामा, हाही धूरच आहे. ‘ह्याला बी पेटी लावता का आता?’ ते चिडून म्हणाले. ‘लावते,’ मी म्हणाले. त्यांनी भारा रस्त्याच्या कडेला टाकला, मग हौद्यात चढून पेटीखालची गोधडी ओढायला लागले. ‘सरका, ताई. पेटीला काय थंडी वाजत न्हाई.’ ओढताना तिचा काठ नटात अडकून टरकला. ती चिंधी आज निघाली.

चहावाल्याशी त्यांनी काय ठरवलं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मुली चहाच्या टपरीत, स्टोव्हच्या बाजूच्या बाकावर, एका गोधडीखाली बसायला लागल्या. पेटीखाली मी रबराची चटई घातली.

आणि मामांनी नवंच काम अंगावर घेतलं. फाट्यावर गाडी लावली, बंद केली, की चहाच्या आधी रांगेतल्या प्रत्येक गाडीपाशी जायचं आणि दारावर थाप मारायची. ‘किल्ली फिरव.’ लोक टोमणे मारायचे. ‘मामा, गाडी चालू ठिवायची म्हनून तुमीच तर शिकवलं व्हतं.’

‘शिकवलं व्हतं. आता दुसरं शिकून राह्यलो.’

‘अन् सेल्फ न्हाई लागला तर?’

‘न्हाई लागला तर धक्का मी मारतो.’

आणि खरंच मारायचे. एका पिकअपला साठीला टेकलेला हा माणूस एकटा रेटत होता आणि आतला ड्रायव्हर ‘और थोडा, मामा’ म्हणत होता, ते मी केबिनमधून बघितलेलं आहे. मी खाली उतरले नाही. त्या वेळी आकडे लिहून घेत होते.

अहवाल उशिरा गेला, पण खरा गेला. मामांनी त्यातलं एक पान मागितलं, फाट्यावरच्या त्या वीस मिनिटांचं, लाल रेघेचं. मला वाटलं घरी नेऊन फाडून टाकतील. त्यांनी ते घडी घालून लायसन्सच्या पाकिटात ठेवलं. नंतर टपरीवाल्याकडून कळलं, जो ऐकत नाही त्याच्यापुढे ते पान उघडायचे आणि म्हणायचे, ‘हे बघ. ही माझी गाडी हाय. मी चालवून राह्यलो व्हतो.’ ज्या माणसाने आपल्या नावाला डाग नको म्हणून चार महिने गाडी मांडीवरच्या लेकरासारखी नेली, तोच आता आपण होऊन नाव सांगत फिरत होता. आम्ही अहवालात त्यांचं नाव लपवलं, त्यांनी ते रस्त्यावर उघड केलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी वर्कशॉपला आले. पेटीचा काटा बराबर आहे का ते विचारलं. मग जाता जाता म्हणाले, ‘वास खोटं बोलत न्हाई, ताई. पण सगळं सांगत बी न्हाई.’ माझी स्कूटर बाहेर उभी होती, तिच्याजवळ क्षणभर थांबले आणि काही न बोलता गेले. मी त्याच संध्याकाळी फिल्टर बदलला.

श्रावणात धावड्याला त्यांचं हृदय बंद पडून ते गेले. मला कळलं तेव्हा परीक्षा चालू होत्या, मी महिन्याने गेले. मामींनी चहा केला. मग आतून ते पाकीट आणलं, घडी उलगडून पान माझ्यापुढे धरलं. वर-खाली जाणारी लाल रेघ, मध्येच एकदम उंच.

‘हा दवाखान्याचा कागद दिसतो,’ त्या म्हणाल्या. ‘सारखा खिशात असायचा. डॉक्टरला दाखवायचा राह्यला का आमच्याकडून?’

महिनाभर ती बाई हा विचार करत बसली होती. मी पान हातात घेऊन सांगितलं, नाही मामी, हा त्यांचा नाही, गाडीचा आहे. फाटा कुठे, मोंढा कुठे, तेही बोट ठेवून दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, ‘बिलकुल गाडीचा?’ मी दोनदा हो म्हटलं. मग त्या उठल्या आणि मला जेवूनच जा म्हणाल्या.

पेटी आता स्वच्छ झाली आहे. सोबत द्यायच्या सूचनांच्या कागदावर मी सर्वांत वर एक ओळ घातली: सुरुवात करण्याआधी ड्रायव्हरला सांगा, परीक्षा तुमची नाही, तुमच्या गाडीचीही नाही. पुण्याचे लोक ती खोडतील, कारण पुढच्या ओळी शून्य आणि सिलिंडरच्या आहेत. चिंधी पट्टीत होती तिथेच परत घालून नट आवळला.

२४ जानेवारी. सकाळी आठ वाजता पेटी न्यायला पिकअप आली. वर्कशॉपच्या दारात उभी करून ड्रायव्हर मोबाइलवर बोलत बसला, इंजिन चालू. शेजारच्या पायरीवर पहिल्या वर्षाच्या मुली ऊन खात बसल्या होत्या. मी जाऊन दारावर थाप मारली.

‘किल्ली फिरवा.’

‘मॅडम, सेल्फ जल्दी लागत न्हाई हिचा.’

‘नाही लागला तर धक्का मी मारते.’

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बंद केली. मी आणि शिपाई, आम्ही पेटी चढवली, पट्टे आवळले, कागदांवर सह्या झाल्या. त्याने किल्ली फिरवली. गाडी कुरकुरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. आरशातून तो माझ्याकडे बघत होता.

मी ओढणी कमरेला बांधली, चपला पायरीवर काढून ठेवल्या आणि मागे जाऊन दोन्ही हात गाडीला लावले.